न्हाणीघरातला काळा नर

उत्तर कॅलिफोर्नियातल्या टॉलर डोंगरावर गांजाच्या बागेत नर दिसला की उपटायचा. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, कारण तशी वेळच आली नाही. उन्हाळ्यात नरांना बारीक लोंबते झुबके फुटतात, ते उकलले की पिवळी भुकटी उडते आणि ज्या मादीवर बसेल तिच्या तुऱ्यांत बिया धरतात. बियांनी भरलेला तुरा कोण ओढणार? वर्षाची मेहनत मातीत. एकमेकांच्या बायका पळवलेली माणसंसुद्धा त्या डोंगरावर पुढं एका टेबलाशी जेवलेली आहेत, पण नर पाळणाऱ्याशी कुणी बोलल्याचं ऐकिवात नाही.

आणि ऑर्विल हॅस्केटनं नर पाळला. तोही कोण, तर नर ओळखायला अख्खा डोंगर ज्याला बोलवायचा तो ऑर्विल! आता त्याची बाजूही ऐका.

त्याची बायको जून, हिनं तरुणपणी एक संकर केला होता. एकीकडं अफगाणी बुटकं, रुंद पानांचं झाड, दुसरीकडं मेक्सिकोचं उंच आणि हडकुळं. त्यातून जे निघालं त्याला सगळे ‘जूनची काळी’ म्हणत. उन्हाळाभर ती चारचौघींसारखी हिरवी. ऑक्टोबरात रात्री गारठल्या की आधी देठ जांभळे पडायचे, मग पानं, आणि शेवटी अख्खं झाड वांग्यासारखं काळं, वर चिकाचे पांढरे दाणे. वास पिकून फुटलेल्या आलुबुखाराचा, मागून थोडा डिझेलचा. उत्पन्न बेताचं, बुरशी मात्र लगेच. ओढलं की माणूस आधी उगाच हसायचा, मग खुर्चीत बसायचा आणि उठायचं कारण त्याला सापडायचं नाही. त्यामुळं कामाच्या दिवशी जून ती कुणाला द्यायची नाही. ‘लाकडं फोडलीस का? मग फोड, आणि ये,’ म्हणायची.

जून गेली. ऑर्विलनं तिचं मूळ झाड काचघरात जिवापाड जपलं, आणि एका ओल्या हिवाळ्यात ते मुळापासून कुजलं. मग त्याला तिच्या शिवणाच्या डब्यात बटणांखाली थोड्या जुन्या बिया सापडल्या. त्यानं सगळ्या पेरल्या. एक उगवली, आणि तो नर निघाला.

उपटायलाच हवा होता. ऑर्विल वाकला, बुंधा धरला, पण त्याला उपटवेना. मग फावडं आणून त्यानं झाड मुळासकट काढलं, बादलीत लावलं आणि न्हाणीघरात नेऊन ठेवलं. खिडकीला चिकटपट्टी, दाराखाली टॉवेल, शेजारी एक साधी हिरवी मादी. दोघांचं जमलं, बी धरलं, तर निम्मी का होईना, जून राहील. वाफेनं बुरशी धरते म्हणून त्यानं आंघोळही सोडली.

इथंच घोळ झाला. नराशेजारी तासन्‌तास बसणारा हा दाढीवाला म्हातारा त्याच लोकरी सदऱ्यात रोज सकाळी शेजारच्या रोझॅन पिकेटकडं कॉफीला जायचा. कॉफी झाली की तिच्या बागेत फिरून नर शोधायचा. एकेक तुरा डोळ्यांशी, म्हणजे दाढीशी धरून.

“आहे का रे एखादा?” रोझॅन विचारायची.

“एकही नाही,” ऑर्विल सांगायचा. आणि त्यात खोटं काही नव्हतं.

सप्टेंबरात न्हाणीघरातली मादी सडली. खिडकी बंद, दुसरं काय होणार? नर तर केव्हाच भुकटी सांडून वाळला होता. ऑर्विल मागच्या पायरीवर बसून रडला. मग त्यानं आंघोळ केली.

ऑक्टोबरात रोझॅननं त्याला घाईघाईनं बोलावून घेतलं आणि एक तुरा त्याच्या तळहातावर चुरला. तुऱ्यापेक्षा बियाच जास्त पडल्या.

“त्या खालच्या डेव्हनचं काम हे! शहरातून आलाय मेला, नर-मादी कशाशी खातात ते ठाऊक नाही. झऱ्याची चावी माझ्या हद्दीत आहे, त्याचं पाणीच बंद करून टाकलंय मी. बसू दे बोंबलत.”

“वारा असेल,” ऑर्विल म्हणाला.

“कसला वारा? वरच्या ओळी कोऱ्या आहेत. पायवाटेकडच्या तेवढ्या भरल्यात. वारा काय पायवाटेनं चालतो? डेव्हन चालतो.”

ऑर्विल त्या पायवाटेकडं बघत राहिला. मग हातातल्या बियांकडं. या प्रत्येक बीत निम्मी जून होती. त्याला नाचावंसं वाटलं, आणि समोर रोझॅन बाहीनं डोळे पुसत होती.

“आता काय करणार?”

“दुपारी तेलवाल्याचा ट्रक येतोय. सगळं भरडून नशेचं तेल काढतील.”

“बियांसकट?”

“नाही, बिया तुला नाश्त्याला ठेवते.”

मूठभर बिया खिशात टाकून घरी जाता आलं असतं. ऑर्विलनं टाकल्याही. पण पुढच्या ऑक्टोबरात त्या काळ्या होणार, आणि डोंगरावर काळी एकाच घरची. मग लपवून वाढवायच्या? पुन्हा न्हाणीघरात? खालच्या वळणावर डेव्हनची बायको ओढ्यावरून बादल्या वाहताना त्याला दिसत होती. त्यानं खिसा उलटा करून बिया टेबलावर ठेवल्या.

“रोझॅन, डेव्हनचं पाणी सोड. नर माझ्याकडं होता. जूनचा. न्हाणीघरात.”

रोझॅननं टेबलावरच्या बियांकडं बघितलं.

“आणि तू रोज माझ्या बागेत…”

“हो.”

“त्याच सदऱ्यात?”

“त्याच. आंघोळपण बंद होती.”

“ते नाकाला कळत होतं. मला वाटलं, बायको गेल्याचं दुःख असेल, कशाला बोला.”

“तेही होतंच गं.”

रोझॅन हसली नाही. पाना घेऊन ती झऱ्याकडं गेली, पाणी सोडून आली. मग उशीचा अभ्रा आणून पायवाटेकडच्या ओळीतले तुरे तिनं ओरबाडून त्यात भरले आणि अभ्रा त्याच्या छातीवर दाबला.

“हे जूनचं आहे. तुझं नाही. घे आणि चालता हो. उद्यापासून येऊ नकोस.”

“रोझॅन, ऐक तरी…”

“मी रोज विचारत होते रे तुला,” ती म्हणाली. “रोज.”

पुढच्या ऑक्टोबरात ऑर्विलची सगळी नाही, पण काही झाडं काळी झाली. हे ज्याला दाखवावं असं माणूस त्याला एकच होतं. एक फांदी तोडून तो कुंपणाशी गेला. पलीकडं रोझॅन चादरी वाळत घालत होती.

“काळी झाली?” तिनं तिथूनच विचारलं.

“झाली.”

“वास?”

“तोच.”

मग उरलेल्या चादरी टोपलीत टाकून तिनं टोपली उचलली आणि घरात गेली. ऑर्विलनं फांदी कुंपणाच्या खांबावर तिच्या बाजूला ठेवली आणि तो परतला. सकाळी येऊन बघितलं, तर फांदी तिथंच होती.