जपानी देवाला साकडं

सकाळी समोरच्या मंडळाच्या पोरांनी मांडवासाठी ताडपत्री उलगडली. तिचा कोंदट वास खिडकीतून आत आला आणि मी थेट कवठे महांकाळच्या जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूत जाऊन बसले.

लग्नाला वर्ष होत आलं होतं. माझं माहेर कोरेगावचं, पण सासऱ्यांनी एकदाही धाडलं नव्हतं. सासूबाईंना विचारलं की उत्तर ठरलेलं, "न्हाई म्हणत्यात." माझ्या लेखी त्या बाईच दाराचं कुलूप होत्या.

तंबूत मधोमध दोरी बांधलेली. पलीकडे पुरुषांत सासरे, अलीकडे बायकांत आम्ही दोघी. सिनेमा जपानी. भाषा कुणाला कळेना, पण गोष्ट कळत होती. तलवारवाला जुलमी सरदार, डांबून ठेवलेली माणसं आणि डोंगरातली दगडी मूर्ती. एका पोरीनं रडून साकडं घातलं, तशी ती मूर्ती उठून चालू लागली. सरदाराचा वाडा तिनं पायाखाली चिरडला. आमच्या बायकांनी भराभर चपला काढून मागे सारल्या. सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला. "देव हाय गं त्यो, हात जोड."

मी जोडले. या बाईच्या तावडीतून सोडव, एवढंच मागितलं.

तेवढ्यात शेजारी पुटपुटणं ऐकू आलं. दोरीपलीकडे जाणार नाही इतक्या हळू आवाजात सासूबाई पडद्याला सांगत होत्या, "आमच्या बी घरी ये रं देवा. माझी आई गेली, तवाबी मला जाऊ दिलं न्हाई."

मी हात जोडलेलेच ठेवले. मागणं तेवढं बदललं. म्हटलं, दोघींना सोडव.