दोन्ही फीड एकाच क्षणी तुटली

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. खरं सांगायचं तर लोकांच्या शब्दावरही फारसा नाही... आकडे दाखवा, मग बोलू, असा माझा स्वभाव. माझी बायको कविता याला तिरसटपणा म्हणते. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी वाटतंय, पण घडलं ते असं.

मी आणि माझा मेहुणा सागर शेअर बाजारातल्या फ्युचर्समध्ये काही मिनिटांचे सौदे करणाऱ्या सिस्टिम्स बनवतो. मीरा रोडला हाटकेशच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तळमजल्यावर आमचा छोटा गाळा होता. सागर चौक या मच्छीमार गावचा, घरची बोट सोडून या धंद्यात आलेला. सिस्टिम आधी जुन्या भावांवर तपासायची, म्हणजे बॅकटेस्ट करायची, आणि त्यासाठी भाव पुरवणारं फीड भरवशाचं लागतं. कंपन्या जुना डेटा विकतात तो धुऊनपुसून, वाकडेतिकडे भाव काढून. त्याच्यावर कुठलीही सिस्टिम गुणी बाळासारखी वागते! म्हणून आमची पद्धत अशी, की आधी ट्रायल घ्यायची, बाजार चालू असताना येईल तो भाव आमच्याच मशीनवर रेकॉर्ड करायचा आणि मग कंपनी निवडायची.

त्या दिवशी दोन कंपन्यांची ट्रायल संपत होती. बाजार उघडून थोडा वेळ झाला असेल. रेकॉर्डिंग नीट होतंय ना ते बघायला मी पहिल्या कंपनीची फाईल उघडली. तिच्यात दुपारपर्यंतचे भाव होते... त्याच दिवसाच्या दुपारपर्यंतचे.

तारीख चुकली असणार, मला वाटलं. पण ते भाव मागच्या कुठल्याच दिवसाशी जुळेनात. मग आम्ही दोघं स्क्रीनला चिकटलो. फाईलमध्ये आधीच लिहिलेला भाव थोड्या वेळाने बाजारात येत होता, अगदी पैशापर्यंत तोच. सागर आनंदला होता. मी घाबरलो होतो.

पावणेदोनच्या सुमारास फाईल मध्येच थांबत होती. "यांचं फीड तुटतंय," सागर म्हणाला, "ही कंपनी न्हाय घ्यायची." एवढं सगळं समोर असताना हा कंपनीला मार्क देत होता! मी दुसऱ्या कंपनीची फाईल उघडली. तिच्यातही दुपारचे भाव होते आणि तीही नेमकी त्याच क्षणी थांबत होती.

आमच्या धंद्यात एक फीड तुटलं तर दोष कंपनीचा. दोन्ही एकदम तुटली तर गडबड आपल्याकडे. नेट गेलं तर आमचं मशीन तशी नोंद करतं, लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे. इथे नोंदच नव्हती. म्हणजे काहीतरी घडून मशीनच बंद पडणार होतं, आणि आम्ही त्याच टेबलाशी बसलो होतो.

तोवर दीड वाजून गेला होता. मी सागरला बाहेर चल म्हटलं. तो ऑर्डर टाकायच्या तयारीत होता. "भावजी, पुढचा भाव माहीत हाय आपल्याला. आता उठायचं?" मी त्याचा दंड धरला, त्याने झटकला. समजावत बसायला वेळ नव्हता. मी फोन नुसताच कानाला लावला आणि म्हणालो, "कविता घरी पडलीय. बोलत नाहीये."

ऑर्डर तशीच अर्धवट सोडून तो उठला. चप्पलसुद्धा घातली नाही, अनवाणी धावला.

गेटपाशी मी रिक्षाला हात करत होतो, तेवढ्यात मागून धडाड आवाज आला. वरचा स्लॅब आमच्या गाळ्यात कोसळला होता. वरचा गाळा बंद असायचा म्हणून दुसरं कुणी सापडलं नाही. आमच्या दोन्ही खुर्च्या खाली चिरडल्या होत्या.

सागर धुळीकडे बघत उभा होता. "ताई?" त्याने विचारलं.

"ताई बरी आहे," मी म्हटलं. तो रस्त्यावरच बसला आणि रडायला लागला. मग मलाही आवरलं नाही.

ढिगाऱ्यातून डिस्क मिळाली. फायलींमध्ये स्लॅब पडेपर्यंतचे भाव, नेहमीसारखेच. पुरावा म्हणून दाखवावं असं काहीच नाही. दोन्ही कंपन्यांना विचारलं, तर पुढचे भाव फीडमधून येऊच शकत नाहीत म्हणाले. ते मलाही कळतं हो... पण मग ते आले कुठून?

आता इंद्रलोक वसाहतीजवळ नवा गाळा घेतलाय. रोज बाजार उघडण्याआधी मी त्या दिवसाची फाईल उघडून बघतो. सागर दारातच उभा असतो. फाईल रिकामी आहे असं मी सांगितलं, की मगच तो चप्पल काढून आत येतो.