दुसरी घोंगडी

जाफराबादजवळच्या एका धनगराच्या घरातला मल्हारी १९९८ साली पशुविज्ञान शिकायला अमेरिकेत गेला, तेव्हा त्याच्या बॅगेतली निम्मी जागा घोंगडीनंच खाल्ली होती. सूत आई सुगंधाबाईनं कातलेलं, विणलेली बाप रायभाननं. तिथल्या विमानतळावरच्या फॉर्मात विचारलं होतं, जनावरांजवळ राहून आलात का? गडी जन्मल्यापासून मेंढरांत वाढलेला. त्यानं इमानदारीत 'हो' लिहिलं. कस्टमच्या साहेबानं बॅग उघडली, घोंगडीचा वास घेतला आणि जनावरांचा रोग येईल म्हणून ती पिशवीत बांधून ठेवून घेतली, ती कायमचीच. खरं बोलण्याचं हे असं बक्षीस मिळालं.

विद्यापीठात नव्या परदेशी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. प्रत्येकानं घरची एक वस्तू मांडायची. कुणी किटली मांडली, कुणी ढोल. मल्हारीच्याच खोलीत राहणाऱ्या घानाच्या क्वामेनं आजोबांचं रंगीत वस्त्र. मल्हारी मोकळ्या हातांनी भिंतीला टेकून उभा राहिला. वीस देशांची पोरं होती तिथं, आणि त्याला फार एकटं वाटलं.

रविवारी आई-बाप जाफराबादच्या एसटीडी बूथवर येऊन बसत. मल्हारी तिथं फोन करायचा.

"घोंगडी आंगावर घेतो ना, लेकरा?"

"घेतो की, माय. लई ऊब हाय. क्वामे म्हणतो, मलापण पायजे."

आईला बरं वाटावं म्हणून त्यानं ठोकून दिलं. पहिल्या थापेवर थांबला असता तर निभावलं असतं.

जानेवारीत फोन बापानं घेतला.

"तुह्या मायचे डोळे गेले. काचबिंदू व्हता. डॉक्टर म्हणले व्हते, जल्दी ऑपरेशन करा. ही म्हणली, दोस्ताची घोंगडी झाल्याबिगर न्हाई, मंग लोकरीत बसू देणार न्हाईत. दिवाळीपासून आज-उद्या केलं. काल जालन्याला नेलं, तर म्हणले आता उपेग न्हाई."

मल्हारीनं बापाला सगळं सांगितलं: घोंगडी पहिल्याच दिवशी गेली होती, क्वामेनं कधी काही मागितलंच नव्हतं.

"तिला सांगू नको," रायभान म्हणाला. "हातानं चाचपून कातून राह्यली. कातू दे."

मग त्यानं बूथबाहेर बाकड्यावर बसवलेल्या बायकोला हात धरून आत आणलं आणि फोन तिच्या हातात दिला.

"मल्हारी, थोडीच राह्यली रे," आई म्हणाली. "थंडी वाजत असंल त्याला. सांग, पाठवते म्हणून."

"सांगतो, माय," मल्हारी म्हणाला. "वाट पाहून राह्यला तो."