लिमयेकाकांच्या विरोधात कोण बोलणार?

अन्याय झाला तो दिनकर लिमये यांच्यावर. गेल्या महिन्याच्या तिसऱ्या रविवारी, सकाळी साडेअकरा वाजता, कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. काकांना जाऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते आणि ती त्यांचीच शोकसभा होती. अकरा जण बोलले, अकराही जण चांगलंच बोलले. मग त्यांच्या पत्नी सुमनकाकू उठल्या आणि म्हणाल्या, "मला विरोधात बोलायचंय." आमचे चेअरमन हिंजवडीत मॅनेजर आहेत, अजेंड्यात नसलेली गोष्ट त्यांना दिसतच नाही. "काकू, तुम्ही बसा, पाणी घ्या," असं म्हणून त्यांनी दोन मिनिटांचं मौन जाहीर केलं. एकतर्फी निकालाचा आयुष्यभर तिटकारा केलेल्या माणसाचा निकाल असा एकतर्फी लागला.

काका जिल्हा न्यायालयात स्टेनो होते. चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या साक्षी टाइप केल्या आणि निवृत्तीनंतर हॉलमध्ये रविवारची चर्चा सुरू केली. नियम एकच. बोलणाऱ्याचं बोलणं काका वहीत उतरवून घेणार, शेवटी त्याला वाचून दाखवणार आणि 'वाचून दाखवले, बरोबर आहे' याखाली त्याची सही घेणार. ही सवय घरातही होती. "जन्मात कधी दुधाखालचा गॅस बंद केला असेल तर शपथ," असं काकू एकदा म्हणाल्या आणि संध्याकाळी ते वाक्य सहीसाठी समोर आलं. काकूंनी सही केली, वर तारीखही घातली.

मी त्यांच्या तावडीत सापडले ती पत्रकामुळे. शेजारच्या देशात तेव्हा चाळीस वर्षांपूर्वीच्या युद्धातल्या कत्तलींचे खटले चालले होते, त्यांच्याच न्यायाधिकरणापुढे. ते न्याय्य आहेत का यावर जगभर वाद, आणि तिथली तरुण मुलं चौकात बसून फाशी मागत होती. आम्ही काही मुलामुलींनी इथे नारायण पेठेत गुलाबी कागदावर पत्रक छापून घेतलं : 'खटला पुरे, फाशी द्या.' काकांनी जिन्यातच चष्मा लावून ते वाचलं.

"साक्षीदार कोण?"

"अहो काका, सगळ्या जगाला माहीत आहे."

"सगळं जग कोर्टात येणार असेल तर आधी खुर्च्यांचं बघा."

"गावंच्या गावं मारली त्यांनी. यात दुसरी बाजू कुठून येणार?"

"तू मांडणार आहेस ना. रविवारी, आरोपींच्या वतीने. दुसरं कोणी तयार नाही."

आठवडाभर मी रागारागाने वाचलं. एका निकालात फाशीऐवजी जन्मठेप झाल्यावर, फाशी मागता यावी म्हणून सरकारने अपिलाचा कायदाच बदलला होता. बचावाच्या साक्षीदारांच्या संख्येला कात्री लावली होती. संतापायची सवय होतीच, फक्त दिशा बदलली... रविवारी पाच मिनिटं मी झकास बोलले. मग मागून कोणीतरी विचारलं, "तुझ्या घरची माणसं मारली असती तर?" आणि आरोपींची वकील असलेली मी ताडकन म्हणाले, "अहो, ती माणसंच नाहीत, त्यांच्यावर खटला कसला चालवता?" टाळ्या पडल्या. काकांनी तेही उतरवलं आणि शेवटी वाणसामानाची यादी वाचावी तशा आवाजात वाचलं : "आरोपींच्या वकील म्हणाल्या, ती माणसंच नाहीत, त्यांच्यावर खटला कसला चालवता." हॉल खो खो हसला. माझ्या हातात पेन होतं, सही होईना. "वेळ घे," काका म्हणाले, "कोर्ट चहाला उठतंय."

चहा घेताना मी चिडून विचारलं, तुम्हाला स्वतःला काय वाटतं ते तरी सांगा.

"दोषी आहेत, बहुतेक सगळे. म्हणून तर म्हणतो, नीट चालवा. घाईने लटकावलेला माणूस उद्या हुतात्मा होतो. आणि ज्यांची माणसं गेली, त्यांना सगळं पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करत बसावं लागतं."

माझं ते 'माणसंच नाहीत'चं वाक्य मी आजही खोडलेलं नाही, त्याखाली सही मात्र केलेली नाही.

मागच्या आठवड्यात काकूंकडे गेले होते. टेबलावर काकांच्या वह्या, वरच्या वहीची पुढची पानं कोरी... त्या दिवशी काय बोलणार होतात, असं विचारलं तर म्हणाल्या, "ते हॉलमध्ये सांगीन. तुला एकटीला सांगितलं तर ती चहाडी होईल." चेअरमनकडे त्यासाठी हॉल मागितला, तर म्हणाले, 'ते बरं दिसणार नाही'. म्हणून मी हॉल बारशाच्या नावाने घेतलाय.

येत्या रविवारी, सकाळी दहा वाजता. काकांनी तुमचं वाक्य तुम्हालाच वाचून दाखवून चारचौघांत तुम्हाला गप्प केलं असेल, तुमचं त्यांच्याशी भांडण राहून गेलं असेल, तर या आणि मनापासून भांडा. एका बाईला एकटीला विरोधात उभं करू नका. चांगलं बोलायचं असेल त्यांनी घरीच थांबावं.