फळीवरचा तळवा

हनुमंतराव मास्तर गेल्याचं मला पोस्टकार्डानं कळलं. कार्ड त्यांच्या मुलीचं, इंदिराक्काचं. चारच ओळी. 'अण्णा मंगळवारी सकाळी गेले. त्रास काही झाला नाही. तुम्ही दोन महिन्यांमागे येऊन गेलात, त्याचं त्यांना फार बरं वाटलं होतं. सवड झाली की येऊन जावा.' कार्ड वाचून टेबलावर ठेवलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. तिसऱ्या ओळीपाशी अडकलो, तो अजून तिथंच आहे. बरं वाटलं होतं... कशाचं?

पुढच्याच आठवड्यात कृष्णोजीचा फोन आला. आम्ही एका बाकावरचे. जुन्या मुलांनी मास्तरांच्या आठवणी लिहायच्या असं ठरलं होतं. "तू पयला लिही रे सुतारा, तू त्यांचा लाडका." पंचेचाळिशी उलटली तरी तो मला सुतारच म्हणतो. मी सुतार नाही, सात पिढ्यांत कुणी नव्हतं; विमा कचेरीत कारकुनी करतो. हे नाव मला सातवीच्या वर्गात पडलं. ते कसं पडलं हे सांगायचं तर पुढचं सगळंच सांगावं लागतं, म्हणून आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आता मास्तर नाहीत. आता सांगायला हरकत नाही, असं मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली... पण सांगतो.

आमची शाळा चिकपेटच्या मागच्या गल्लीत होती. खाली दुकानं, वर लाकडी जिना चढून गेलं की आमचे मराठी वर्ग. पन्नासच्या दशकाची ती शेवटची वर्षं. घरात मराठी, जिन्याखाली कन्नड, आणि दोन्हींची सरमिसळ मधल्या सुट्टीत. मास्तर भूगोल शिकवत. पांढरं धोतर, बंद गळ्याचा कोट, गुळगुळीत दाढी. एकदा त्यांनी सगळ्या वर्गाला बसवनगुडीच्या चढावर चालवत नेलं, माथ्यावर उभं केलं आणि बरोबर आणलेला तांब्या हळूच उपडा केला. पाणी दोन्हीकडे वाहिलं. "बघितलंत? हिकडचं कावेरीला मिळणार, तिकडचं पिनाकिनीला. आपलं गाव हे असं मधल्या कण्यावर बसलंय." कृष्णोजी म्हणाला, "मास्तर, एवढंसं पाणी कावेरीपर्यंत कसं जाईल? स्वल्पच तर आहे." मास्तर त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले, मग खो खो हसले. "निघालं तर खरं की नाही?" त्या टक लावून बघण्याचा अर्थ तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हता.

मला कळला तो त्याच वर्षी. शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं, दार लोटलं. "वसंता, मला कानानं कमी ऐकू येतंय. कमी म्हणजे... आता जवळजवळ नाहीच." समोरचा माणूस बोलला तर ओठांवरून त्यांना कळे. मिशाळ माणसाचं मात्र काही समजत नसे. पाठीमागून कुणी बोललं, घंटा झाली, तर पत्ता नसे. घरात बायको आजारी, मुलगी शाळेत, आणि भावाच्या तुकड्यावर आनेकलला जाऊन राहायचं नव्हतं. "मला शिकवता येतंय रे अजून," ते म्हणाले. तेरा वर्षांच्या मुलाला हे असं सांगताना त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार मी पुष्कळ उशिरा केला.

मग आमचा एक बेत ठरला. मी पहिल्या बाकावर बसायचं. मास्तर माझ्या बाकाशेजारी उभे राहून शिकवणार, डावा तळवा बाकाच्या फळीवर टेकलेला. मागून कुणी बोललं की मी फळीखालून बोटाच्या पेरानं एकदा ठोकायचं, घंटा झाली की दोनदा. लाकडातून ते त्यांच्या तळव्याला कळे. मग ते सावकाश वळत, "हं, कोण विचारतंय?" म्हणत, आणि विचारणाऱ्याचा चेहरा शोधत. इतकं सफाईदार, की वर्गाला वाटे मास्तर विचार करूनच वळतात. सात-आठ महिने हे चाललं. पोरांना कारण कळलं नाही, पण माझं ठोकणं मात्र कळलं. "सुतारा, आज किती खिळे मारलास?" सगळ्यांत पुढे कृष्णोजी. मी ऐकून घ्यायचो. आणि खरं सांगायचं तर मला राग चिडवण्याचा येत नव्हता. एवढा मोठा माणूस माझ्या एका पेरावर उभा आहे आणि हे कुणाला, कुणालाच माहीत नाही... याचा येत होता.

तपासणीचा दिवस आला. आदल्या दिवशी जिन्यावर कृष्णोजी पुन्हा तेच बोलला, आणि मी म्हणून गेलो, "उद्या ठोकत नाही. बघ काय होतं ते."

इन्स्पेक्टर साहेब सकाळीच आले. सोबत हेडमास्तर. नमस्कार-चमत्कार झाले, आम्ही खाली बसलो. मास्तर नेहमीसारखे माझ्या बाकाजवळ, तळवा फळीवर. कावेरीच्या उपनद्या विचारत होते. साहेब त्यांच्या पाठीमागे, फळ्यावरचा नकाशा बघत होते. बघता बघता त्यांनी कन्नडमधून विचारलं, "मेष्ट्रे, हा नकाशा पाहून काढलात की आठवणीनं?" चांगला प्रश्न होता. कौतुकानंच विचारलेला. मास्तर आठवणीनंच काढत.

मी ठोकलं नाही.

साहेबांनी पुन्हा विचारलं, स्वल्प मोठ्यानं. मास्तर शिंशा नदीविषयी सांगत होते. तिसऱ्यांदा साहेब जवळजवळ ओरडलेच. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. माझा हात फळीखाली होता, पेर लाकडाला टेकलेलं होतं. वर त्यांचा तळवा मला दिसत होता. खडूनं पांढरी झालेली बोटं, थोडी फाकलेली. वर्ग हसतोय हे त्यांना दिसलं असावं, कारण ती बोटं फळीवर घट्ट दाबली गेली. ते वाट बघत होते... साहेबांनी येऊन खांद्यावर हात ठेवला तेव्हा ते इतके दचकले की हातातला खडू पडला. आणि वळून त्यांनी साहेबांकडे पाहिलं नाही, आधी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. याला काही झालं की काय, अशा नजरेनं.

संध्याकाळी ते मला जिन्यात भेटले. "तुला बरं नव्हतं का रे?" मी म्हणालो, "होय मास्तर. ताप होता." त्यांनी माझ्या कपाळावर तळवा ठेवला. कपाळ गार होतं, हे मला माहीत होतं. क्षणभर तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "हो रे, कढत लागतंय. घरी जाऊन पड."

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. कानाची तपासणी झाली. मुलांच्या हिताच्या दृष्टीनं त्यांना वर्गातून काढलं, पुस्तकांच्या कपाटांपाशी बसवलं. आम्ही भूगोल दुसऱ्यांकडे शिकलो; त्यांचा नकाशा छापील असे, खिळ्याला टांगायचा. वर्ष संपायच्या आत मास्तर शाळा सोडून आनेकलला गेले, जिथं जायचं नव्हतं तिथंच. बायको तिथंच वारली असं नंतर कानावर आलं. मी कार्डसुद्धा घातलं नाही.

साठच्या दशकात, मी नव्यानंच नोकरीला लागलो होतो तेव्हा, एकदा ते दिसले. आनेकलहून येणारी बस मार्केटात वळत होती, मी दुसऱ्या बसमध्ये खिडकीशी. मास्तर रस्ता ओलांडत होते आणि आमचा ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता. त्यांना काही पत्ता नव्हता. शेवटी त्यानं खिडकीतून डोकं काढून "ए किवुडा!" अशी हाक घातली. बहिऱ्या, असं. बसमधली माणसं हसली. मी खाली वाकलो, चपलेचा पट्टा नीट करायला. पट्टा नीटच होता.

त्यानंतर इतकी वर्षं गेली. इंदिराक्का नोकरीला लागली, जयनगरला घर केलं, वडलांना घेऊन आली, हे मला ठाऊक होतं. माझ्या कचेरीपासून बसनं वीस मिनिटं. मी गेलो तो या वर्षी, दोन महिन्यांमागे. का गेलो सांगता येत नाही. मुलगा तेरा वर्षांचा झाला, एवढंच एक कारण सुचतं.

मास्तर खिडकीजवळच्या टेबलापाशी खुर्चीत बसले होते. ओळखायला वेळ लागला नाही. "वसंता! ये की रे. मिशी ठेवली नाहीस ते बरं केलंस, निदान तुझं बोलणं तरी दिसेल." इंदिराक्का हसली, काफी ठेवून आत गेली. मी बोलायला लागलो. मुलाचं, कचेरीचं. ते माझ्या ओठांकडे बघत होते, आणि जे सांगायला आलो होतो ते त्या नजरेसमोर तोंडातून निघेना. मग मी उठलो. खिडकीपाशी गेलो, त्यांच्याकडे पाठ केली आणि बाहेरच्या रस्त्याकडे बघत सगळं सांगितलं. जिना, कृष्णोजीला बोललेलं, पेर, ताप नसलेलं कपाळ. त्यांना सांगायचं होतं आणि त्यांना कळायला नको होतं. दोन्ही एकदम साधायचा तो एकच मार्ग मला दिसला. वळलो तेव्हा ते कपाकडे बघत होते. "काफी निवली रे," म्हणाले, "इंदिरा, दुसरी आण." निघताना मी पायांवर डोकं टेकायला वाकलो. उठता उठता त्यांचा हात आला, डोक्यावर नाही, कपाळावर. जरा वेळ तिथंच राहिला. म्हाताऱ्या माणसाचा हात चुकला असेल, असं मी समजलो.

गेल्या रविवारी इंदिराक्काकडे गेलो. "बसा की," म्हणत तिनं नेमकी त्यांचीच खुर्ची पुढे केली. ती खिडकीत उभी राहून तारेवरचे कपडे आत ओढत होती, माझ्याकडे पाठ करून. खिडकीचं एक दार आतल्या बाजूला उघडं होतं, आणि त्या दारावर एक छोटा आरसा, सुतळीनं बांधलेला, खाली कललेला. त्यात इंदिराक्काचा चेहरा दिसत होता. चेहरा नव्हे, नाकापासून हनुवटीपर्यंत, तेवढाच. ओठ हलत होते. "साखर किती घालू?"

"हा आरसा इथं कधीपासून?" मी विचारलं.

"अण्णांचा तो. गुडघे धरले तसे खुर्चीत बसूनच दाढी करायचे. सात-आठ वर्षं झाली असतील. काढूया म्हटलं की ऐकायचे नाहीत. म्हणायचे, राहू दे गं, तू हितं उभी राहून बडबडतीस ते मला त्यात दिसतंय."

मी आरशाकडेच बघत राहिलो. तिनं वळून माझ्याकडे बघितलं. "काय झालं? बरं नाही वाटत का?" मी मान हलवली, कशी हलवली कोण जाणे. ती "थांबा, आणते" म्हणत आत गेली.

टेबल जुनंच होतं, जाड फळीचं. मी त्यावर डावा तळवा टेकवला, बोटं थोडी फाकली. आत भांड्यांचा आवाज होत होता, रस्त्यावर कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. ते सगळं मला ऐकू येत होतं. मी तसाच बसून राहिलो, फळीखालून काही येतंय का ते बघत.