आत्यांनी आणलेलं लाल हेल्मेट

स्वस्तातलं हेल्मेट घ्यावं का, असं मला कोणी विचारलं की मी आधी उलट विचारते, तुम्ही विकत घेणार आहात की घरातल्या कोणी आणून दिलंय? विकत घेणार असाल तर घेऊ नका, विषय संपला. पण घरातल्या माणसाने हौसेने आणून दिलं असेल, तर मात्र बसा, चहा घ्या आणि माझं ऐका.

आमच्या घरी ते आत्यांनी आणलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. आमचं गाव नगर-मनमाड रस्त्याला, आणि मी नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लोखंडी मालाचा हिशेब ठेवायला. नवरा चाकणला, सुट्टीला येतो. म्हणजे घरात आम्ही दोघीच. आधी मी एसटीने जायचे. पण एसटीला माझ्या ड्युटीशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणून शेवटी स्कूटी घेतली. आणि कारखान्याच्या गेटवर नियम असा की डोक्यावर हेल्मेट नसेल तर गाडी आत नाही. आमच्याकडचे पुरुष त्यावर फार हुशार. ते हेल्मेट कोपराला अडकवून सगळा हायवे पार करतात आणि गेट दिसलं की डोक्यावर चढवतात. जणू अपघात फक्त वॉचमनसमोरच होतात.

मला तसलं काही करायचं नव्हतं. पगार झाला की चांगल्या दुकानातून चांगलं हेल्मेट घ्यायचं, हे मी मनाशी ठरवलं होतं. तेवढ्यात आत्या एक दिवस बाजारातून आल्या आणि पिशवीतून एक लालभडक गोळा काढून माझ्या पुढ्यात ठेवला. रस्त्याच्या कडेला बांबूला टांगून विकतात ना, त्यातलं. म्हणाल्या, "घे. डोक्यात घालून बघ. लई मागत हुता, निम्म्याच्याबी खाली आणला त्याला."

आता आत्यांचं भाव करणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. बाजारात त्या आल्या की भाजीवाले एकमेकांकडे बघतात. मेथीच्या जुडीसाठी त्या अर्धा बाजार फिरून पुन्हा पहिल्याच बाईकडे येतात, आणि तिला वाटतं आपणच हरलो. हेल्मेटवाल्याकडून त्यांनी वर एक काळा गॉगलही फुकट उपटला होता. तो माणूस त्या दिवशी जेवला की नाही, देव जाणे.

पण मला हसू आलं नाही, खरं सांगते. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण दिवाळीची साडी सोडली तर आत्यांनी माझ्यासाठी मुद्दाम काही आणल्याचं मला आठवत नव्हतं. त्यांचा स्वभाव प्रेम दाखवायचा नाहीच. ताप आला तर औषध देतील, पण आधी दहा शब्द ऐकवतील. आणि ही बाई उन्हात उभी राहून माझ्या डोक्यासाठी भांडून आली होती. मी हेल्मेट घातलं, आरशात पाहिलं आणि छान आहे म्हणाले. तिथेच फसले.

कारण ते हेल्मेट छान नव्हतं. आत टीव्हीच्या खोक्यातला असतो तसला थर्माकोल, वर पातळ प्लॅस्टिक, आणि त्याच्यावर चकाचक रंग. वास असा यायचा की डोकं प्लॅस्टिकच्या नव्या बादलीत घातलंय असं वाटावं. घाटात वारा लागला की पुढची काच आपोआप वर जायची आणि डोळ्यांत धूळ. मागच्या बाजूला आयएसआयचा शिक्का होता. होता म्हणजे, सुरुवातीला होता. एक दिवस शेजारच्या टेबलावरची मैत्रीण मला म्हणाली की तुझ्या वेणीला काहीतरी चिकटलंय, आणि बघते तर तो शिक्का. सगळं स्टोअर दिवसभर माझ्या वेणीला सरकारमान्य म्हणत होतं.

हसण्यावारी नेलं, पण आत भीती बसली होती. आमचा रस्ता म्हणजे शिर्डीला जाणाऱ्या गाड्यांचा. बाबांच्या दर्शनाची घाई एवढी की मधल्या स्कूटीवाल्यांचं दर्शन त्यांना होतच नाही. एकदा घाटात एका गाडीने मला असा कट मारला की मी सरळ कडेच्या खडीत उतरले. पडले नाही, नशीब. थांबून हेल्मेट काढलं आणि सहज अंगठ्याने दाबून पाहिलं, तर ते आत गेलं. पिकलेला टोमॅटो तरी जरा विरोध करतो. आज घरी जाऊन आत्यांना सांगायचंच, असं ठरवून मी गाडी काढली.

घरी आले तर आत्यांची बहीण आलेली, आणि आत्या तिला सांगत होत्या की सुनेला हेल्मेट घेतलंय, रोज तेच घालून जाते, आता मला घोर नाही. बहिणीलाही ते हातात घेऊन बघायचं होतं. मी काढून दिलं. त्या म्हाताऱ्या बाईने ते असं कौतुकाने उलटंसुलटं केलं, जणू चांदीचा तांब्या. मी गपचूप चहा टाकायला आत गेले. तोंडाची मी काही कमी नाही, स्टोअरमध्ये सप्लायरची कशी उडवते ते विचारा कोणालाही. पण त्या दिवशी मी नुसती चहात साखर ढवळत राहिले. सांगितलं तर आत्या पुन्हा माझ्यासाठी काही आणणार नाहीत, असं वाटलं मला. डोकं धोक्यात होतं आणि मी जपत होते ती ही गोष्ट. काय म्हणावं!

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला गाड्या धुऊन झेंडूचा हार घालतात, हळदकुंकू लावतात आणि चाकापुढे नारळ फोडतात. बाईने नारळ फोडायचा नाही, अशी रीत. नवरा त्या वर्षी ड्युटीवर अडकला होता, म्हणून आत्यांनी शेजारच्या ड्रायव्हरभाऊंना बोलावलं. ते एसटीतून रिटायर झालेले, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक गोष्टीवर आपलं मत पाहिजेच असा त्यांचा समज. आत्यांनी स्कूटीची पूजा केली, मग हेल्मेट ओट्यावर ठेवून त्यालाही कुंकू लावलं, फूल वाहिलं. ड्रायव्हरभाऊ नारळ हातात घेऊन उभे होते. हेल्मेटला त्यांनी टिचकी मारली, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "वहिनी, ह्याच्यात पोहे भिजवा. डोक्यात घालायच्या कामाचं न्हाई हे."

झालं. आत्यांच्या खरेदीला नाव ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. त्या म्हणाल्या, नगरचा रस्ता तुम्हीच बांधला का, हेल्मेटातलं तुम्हाला काय कळतं. भाऊ म्हणाले, कळतं म्हणूनच सांगतोय. असं दोन-तीनदा झालं आणि आत्यांनी त्यांच्या हातातला नारळ सरळ हिसकावून घेतला. रीत गेली उडत. पदर खोचला, नारळ दोन्ही हातांनी वर नेला आणि आणला खाली त्या हेल्मेटवर.

काड्कन आवाज झाला. हेल्मेट मधोमध चिरलं, अगदी कुंकवाच्या टिळ्यातून, आणि आतला थर्माकोल ओट्यावर सांडला. नारळ तसाच होता. त्याला ओरखडासुद्धा नव्हता.

ड्रायव्हरभाऊ हसणार होते, पण आत्यांच्या तोंडाकडे पाहून त्यांनी ते गिळलं आणि येतो म्हणून निघून गेले. आत्या ओट्यावर बसल्या. थर्माकोलचे दाणे बोटाने एकेक उचलून त्या तळहातावर ठेवत होत्या. मी म्हटलं, जाऊ द्या आत्या, दुसरं घेऊ. त्यांनी मान वर केली नाही. विचारलं, "तुला ठावं हुतं?"

मी गप्प. पण आत्यांपुढे गप्प बसणं म्हणजे हो म्हणणंच. त्यांनी पुन्हा विचारलं, मग बोलली का नाहीस? मी म्हटलं, तुम्ही आणलेलं होतं म्हणून.

मग जो भडका उडाला! त्या दिवशीइतकं मला आत्या कधी बोलल्या नाहीत. अक्कल आहे का, शिकलीस कशाला, एवढ्या लोखंडाचा हिशेब ठेवतेस आणि स्वतःच्या डोक्याचा नाही? आणि बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. "माझ्या मनासाठी तू मरायला निगाली हुतीस व्हय? आगं, माझं मन काय करायचंय मला?" असं म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला. मला रडू आलं, आणि खोटं का बोलू, फार बरंही वाटलं.

पुरणपोळी ताटात तशीच राहिली. आत्ताच्या आत्ता नगरला चल, म्हणाल्या. मी स्कूटीची किल्ली घेतली तर ती काढून घेतली. उघड्या डोक्याने स्कूटीवर बसायचं नाही, एसटीने जायचं. सणाची एसटी, दोघी दांड्याला लटकून गेलो.

दुकान चांगलं होतं. मालकाने तीन-चार हेल्मेटं काढली, आणि आत्यांनी प्रत्येकाला अंगठ्याने दाबून पाहिलं. शेवटचं त्यांनी काउंटरवर आपटलंही. मालक दचकला, पण हेल्मेटला काही झालं नाही. हेच, म्हणाल्या. त्याने किंमत सांगितली. मी आत्यांकडे बघितलं, आता सुरू होणार म्हणून. त्या पदराची गाठ सोडत होत्या. मालकच सणाचं म्हणून थोडे कमी करतो म्हणाला, तर त्या त्याच्यावर डाफरल्या की कमी करायचं नाही, कमी केलं म्हणजे आतही काहीतरी कमी असेल. पदराच्या गाठीतून पैसे काढून त्यांनी सगळेच्या सगळे मोजून ठेवले.

मी म्हटलं, आता यांच्या मापाचं एक दाखवा. कारण दर बाजाराला त्या माझ्या मागे बसून येतात. आत्यांनी लगेच हात झटकला. मला कशाला, म्हणाल्या, आता माझं किती राहिलंय, आणि हवंच असेल तर रस्त्यावरचं एखादं बघू, मागं बसणाऱ्याला तेवढं चालतं.

माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. दुकानात गिऱ्हाईकं होती, कोणाची पर्वा केली नाही. सकाळी त्यांनी मला जसं झापलं होतं तसंच मी त्यांना झापलं. माझं डोकं दुकानातलं आणि तुमचं रस्त्यावरचं काय? आणि वर म्हटलं, "तुम्हाला काही झालं तर मला शिव्या द्यायला कोण आहे त्या घरात?"

आत्यांनी पुढ्यातलं एक काळं हेल्मेट उचललं आणि डोक्यावरचा पदर न काढता तसंच वरून ओढून घेतलं. पदर एका बाजूने बाहेर लोंबत होता. काच खाली होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही. आतून नुसता आवाज आला.

"मी हायच की."