'ग'वर अडलेलं गाढव

"गाढवाचा आवाज खरखरीत नाही तर काय कोकिळेसारखा असणार?" टेबलाखालून मावशी म्हणाली.

"तसं नाही हो मावशी." नवा दिग्दर्शक वाकला. "डॉक्टरांनीच गायला मनाई केलीय ना तुम्हाला? आजपासून गाणं या ताई म्हणतील. तुम्ही नुसतं तोंड हलवा. आणि या वेळी सरगम पुरी होऊ दे."

"म्हणजे हात माझा नि गळा दुसरीचा. बरं."

मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातलं गाणारं गाढव म्हणजे मावशीचा उजवा हात. कोपरापर्यंत करडं कापड, वर दोन लोंबते कान. आली होती बाहुल्यांचे कपडे शिवायला. शिवता शिवता हात घालून बघितला तो तिथंच अडकला. टेबलाखाली गादी टाकून उताणं पडायचं, हात वर काढायचा. नवरा शेजाऱ्यांना सांगायचा, "आमची ही कामावर जाते ती निजायलाच."

पहिल्याच दिवशी 'सा, रे' झालं नि 'ग'वर तिला ठसका लागला. सारवासारव म्हणून गाढवानं इकडंतिकडं बघत विचारलं, "कोण हाक मारतंय?" ग गाढवाचा, म्हणून. पोरं खिदळली. तेव्हापासून गाढव त्या 'ग'च्या पुढं गेलंच नाही.

आता गाणाऱ्या ताईंनी 'सा, रे, ग, म' स्वच्छ म्हटलं. गाढव 'ग'ला तोंड मिटून मागं वळून बघत बसलं.

"मावशी, पुन्हा."

पुन्हा तेच.

"मुद्दाम नाही रे करत," मावशी म्हणाली, आणि ते खरं होतं. "डोकं पुढं जातं, हात अडून बसतो. शेवटी गाढवाचाच तो."

दिग्दर्शकानं कपाळ चोळलं. "मग दुसऱ्या कुणाचा हात बघावा लागेल."

टेबलावर गाढवाची मान खाली गेली.

गाणाऱ्या ताई टेबलाखाली डोकावल्या. "मावशी, मी 'ग'ला थांबते. तेवढं तुम्ही बोला, मग मी पुढचं गाणं उचलते. बोलायला तर मनाई नाही ना?"

"तीन शब्दांनी काय घसा झिजतोय."

"बरं, करून बघू," दिग्दर्शक म्हणाला.

सा, रे... गाढव वळलं. "कोण हाक मारतंय?" आवाज असा खरखरला, की कॅमेरावाल्याला हसू आवरलं नाही नि चित्र हललं. पुन्हा घेणं आलं.

गाणं गेलं ते गेलंच. मावशीनं कोमट पाण्याचा घोट घेतला, गादी सारखी केली, उताणी झाली नि हात वर काढला.

"चला, गाढव उभं आहे."